अण्णांच्या रक्तातला युरिया

अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही. पण इंग्रजीतली चार अक्षरं त्यांना नेमकी ओळखता येतात, कारण चाळीस वर्षं ती पोत्यावर छापलेली पाहिली आहेत. लातूरच्या लॅबमधून आणलेला रिपोर्ट वाचून मी बाजूला ठेवला होता. त्यांनी तो उचलला, चष्मा चढवला, बोट एकेका ओळीवरून खाली आणलं आणि एका जागी थांबवलं.

"हे युरियाच लिवलंय ना?"

"हो."

"मंग म्होरं १६८ काय हाय?"

शंभर मिलिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम, आणि असायला हवा ४५ च्या आत, असं मी सांगितलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "जल्मभर हातानंच फेकला. तू म्हन्ला होतास फडकं बांधा, हातात कायतरी घाला. म्या ऐकलं न्हाई. त्याच्यातनंच गेला आसंल आत."

मी गेली एकवीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. युरियाचं रेणुसूत्र, त्याची रचना, तो प्रयोगशाळेत पहिल्यांदा कुणी केला, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या दिवशी ओसरीवर बसून माझ्या बापाला एवढंच सांगायचं होतं, की तुमच्या रक्तातला युरिया पोत्यातून आलेला नाही, तो तुमच्याच शरीरानं बनवलाय. मूत्रपिंडं थकली म्हणून तो बाहेर पडत नाही. आणि मूत्रपिंडं थकली ती साखर आणि ब्लडप्रेशरनं. मी ते सांगितलंही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला सांगून घरातलं युरियाचं अर्धं पोतं त्यांनी गोठ्यामागच्या खोलीत टाकायला लावलं आणि खोलीला कुलूप घातलं.

त्यांच्या भीतीला कारण होतं. मी सातवीत असताना आमचा हरण्या नावाचा बैल युरिया खाऊन मेला. पेरणीनंतर उरलेलं पोतं ओसरीच्या कोपऱ्यात उघडं राहिलं होतं. रात्री दावं तुटलं, बैल ओसरीवर आला आणि मीठ चाटावं तसा युरिया चाटत बसला. पहाटे त्याचं पोट फुगलं, अंग थरथरायला लागलं, तोंडाला फेस आला. कुणीतरी म्हणालं, आंबट पाजा. मायनं घरातलं होतं नव्हतं तेवढं ताक आणलं. अण्णांनी त्याचा जबडा उघडून धरला होता. डॉक्टर औशाहून येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात खताचं पोतं जमिनीवर ठेवत नाहीत. भिंतीला उंच फळी ठोकली, त्यावर ठेवतात. हरण्याचं नाव मात्र अण्णांनी पुन्हा कधी काढलं नाही.

म्हणजे त्यांच्या हिशेबी युरिया हे विष, आणि तेच विष आता रक्तात सापडलं होतं.

माझ्या वर्गात सेंद्रिय रसायनाचा पहिला तास मी नेहमी दोन चमच्यांनी सुरू करतो. एका चमच्यात मीठ, एकात साखर, खाली स्पिरिटचा दिवा. साखर वितळते, तांबूस होते, जत्रेतल्या पाकासारखा वास वर्गभर पसरतो, मग ती फसफसून काळी पडते आणि चमच्यात कोळसा उरतो. मीठ तडतडतं आणि जिथल्या तिथं राहतं. त्याला वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, तेवढी धग त्या दिव्यात नसते. भाकरी तव्यावर विसरली तर काळी का पडते आणि तवा का पडत नाही, हे पोरांना तेव्हा कळतं. भाकरीत कार्बनच्या साखळ्या आहेत, त्यांना हायड्रोजन आणि ऑक्सिजन लगडलेले आहेत. आच लागली की पाणी निघून जातं, मागे काळा कार्बन राहतो, आणखी जाळलं तर तोही वायू होऊन उडतो. शेवटी उरते चिमूटभर राख: चुनखड, पालाश, सिलिका. जमिनीतून वर आलेलं तेवढंच. माय त्या राखेनं भांडी घासायची.

साखर सेंद्रिय, मीठ असेंद्रिय. हा शब्द मला फार सुंदर वाटतो. स-इंद्रिय, म्हणजे इंद्रियं असलेलं, जिवंत देहातून आलेलं. इंग्रजी शब्दही अवयवांवरूनच आलाय आणि मराठीत तो आणणाऱ्यांनी त्याचा अर्थ नेमका उचलला. स्वीडनचा बर्झेलियस एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या रसायनाला वेगळं नाव देत होता तेव्हा त्याचा तसाच अर्थ होता. साखर, तेल, मेण, नीळ, व्हिनेगर ही जिवांनी केलेली द्रव्यं. मीठ, चुना, तुरटी, हिराकस, मोरचूद ही दगडामातीची. पहिल्या प्रकारची द्रव्यं करायला एक जीवनशक्ती लागते, ती फक्त सजीवात असते, काचेच्या भांड्यात ती उतरत नाही, असं त्या काळी बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना वाटायचं. आज आपल्याला ते भाबडं वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्यानं एकदा बी उगवताना पाहिलंय त्याला त्या कल्पनेचं आकर्षण कळतं.

मग १८२८ साल येतं. बर्लिनमध्ये २७ वर्षांचा फ्रीडरिश व्होलर, बर्झेलियसचाच शिष्य, अमोनियम सायनेट नावाचं एक असेंद्रिय लवण तयार करायला बसला होता. त्यानं सिल्व्हर सायनेटवर नवसागराचं पाणी घातलं. नवसागर म्हटलं की मला आमच्या गल्लीत येणारा कल्हईवाला आठवतो. भात्यानं लाल केलेलं पातेलं, त्यात टाकलेली नवसागराची चिमूट, भप्पकन उठणारा पांढरा धूर आणि नाकाला झोंबणारा वास, आणि मग कापसाच्या बोळ्यानं फिरवलेली चांदीसारखी कथिलाची झळाळी. तोच नवसागर व्होलरच्या भांड्यात होता. मिश्रण गाळून, आटवून त्याला पांढरे स्फटिक मिळाले, पण ते अमोनियम सायनेटसारखे वागेनात. लघवीतून काढलेल्या युरियाशी ताडून पाहिलं तर हुबेहूब तेच. युरिया माणसाला तोवर पन्नासेक वर्षं माहीत होता. फ्रान्सच्या रुएलनं १७७३ साली तो लघवीतून वेगळा काढला होता. पण तो देहातूनच यायचा. व्होलरनं गुरूला पत्र लिहून कळवलं, की मूत्रपिंड न लागता, माणूस किंवा कुत्रा काहीच न लागता, मला युरिया करता येतो.

हे वाक्य मी एकवीस वर्षं वर्गात सांगत आलोय. मूत्रपिंडाशिवाय युरिया. पोरं हसतात, वहीत वर्ष लिहून घेतात आणि आम्ही पुढे जातो. अण्णांचा रिपोर्ट आल्यानंतरच्या तासाला मी त्या वाक्यापाशी आलो आणि मला पुढे बोलता येईना. फळ्याकडे तोंड करून मी उगाच रचना काढत उभा राहिलो.

पाठ्यपुस्तकं सांगतात तसा जीवनशक्तीचा सिद्धांत त्या एका दिवसात कोसळला नाही. खुद्द व्होलरनंच त्या पत्रात शंका काढून ठेवली होती, की सायनेट ज्यापासून करतात ते द्रव्य शेवटी जनावरांच्या अवशेषांतून येतं, तेव्हा एखादा म्हणेल यात जिवाचा अंश उरलाच आहे. त्या काळी रक्त, शिंगं, खुरं जाळून ती द्रव्यं मिळवत. कोल्बेनं १८४५ साली थेट कार्बन, गंधक, क्लोरीन अशा निर्जीव वस्तूंपासून पायरीपायरीनं व्हिनेगरमधलं आम्ल केलं, तेव्हा ती शंका फिटत गेली. मला व्होलरचा हा सावधपणा त्याच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. हाती सोनं लागलं असताना त्यात खोट कुठे असू शकते हे आपणच दाखवायचं, याला मन लागतं.

यात खरी नवलाची गोष्ट आणखी एक आहे. अमोनियम सायनेट आणि युरिया या दोन्हींत अणू अगदी तेच आहेत: नायट्रोजन दोन, हायड्रोजन चार, कार्बन एक, ऑक्सिजन एक. माप तेच, वजन तेच. फक्त मांडणी बदलली की एक असेंद्रिय लवण आणि दुसरा सेंद्रिय पदार्थ. एकाच वाड्यातले आठ दगड इकडचे तिकडे करावेत आणि गावानं एकाला देऊळ म्हणावं, दुसऱ्याला पार.

आज व्याख्या विचारली तर आम्ही सांगतो, सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. पाठ्यपुस्तकात 'कार्बनी संयुगे' असाही शब्द आता येतो. लगेच अपवाद सांगावे लागतात. कार्बन डायऑक्साइड, चुनखडी, खाण्याचा सोडा, सायनाइड, कार्बाइड यांत कार्बन असूनही ती असेंद्रियात. मग एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो, सर, ज्यात कार्बनला हायड्रोजन थेट जोडलेला असतो ते सेंद्रिय म्हणूया. बरंचसं चालतं ते. पण युरियात तसा एकही बंध नाही! त्यातले चारही हायड्रोजन नायट्रोजनला चिकटलेले आहेत. ज्याच्या जोरावर सेंद्रिय रसायनाचं दार उघडलं तोच या व्याख्येत बसत नाही.

आमच्याकडे दोन भावांच्या रानात बांध असतो. दरवर्षी नांगर थोडा इकडे सरकतो, थोडा तिकडे. बांधावरचं बाभळीचं झाड कुणाचं, यावरून पिढ्या भांडतात. मातीला मात्र बांध ठाऊक नसतो. पाणी खालून कुणाच्याही रानात पाझरतं. युरिया मला त्या बाभळीसारखा दिसतो.

त्या आठवड्यात मी अण्णांसाठी एक हिशेब केला. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर पडतो. पंचवीस धरला तर ४५ किलोचं पोतं भरायला १,८०० दिवस लागतात, म्हणजे पाच वर्षं. अण्णांचं वय एकाहत्तर. लहानपणीचा काळ सोडला तरी या माणसानं आजवर बारा-तेरा पोती युरिया स्वतःच्या देहात तयार करून टाकलाय. हे ऐकल्यावर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी कुतूहल आलं.

"कशापासून बनतो?"

"वरण, दूध, डाळ, अंडी. त्यात नत्र असतं. शरीरानं ते वापरलं की त्याचा अमोनिया होतो. अमोनिया विषारी. म्हणून यकृत अमोनियात कार्बन डायऑक्साइड मिसळून त्याचा युरिया करतं. युरिया त्या मानानं गरीब, पाण्यात विरघळून मुकाट निघून जातो."

हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली यकृतातलं हे चक्र उलगडलं. आणि खताच्या कारखान्यात काय करतात? अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. तीच दोन असेंद्रिय द्रव्यं, फक्त १८० अंशांच्या पुढची उष्णता आणि दीडशे वातावरणांच्या आसपासचा दाब. अमोनियासाठी हवेतला नायट्रोजन पकडायचा, हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढायचा. हाबर आणि बॉश यांची वाट, १९१३ सालापासून चालू असलेली. जे करायला माणसानं एवढे पोलादी मनोरे उभे केले ते अण्णांचं यकृत ३७ अंशांवर, भाकरी-वरणावर, गुपचूप करत होतं. रेणू मात्र दोन्हीकडचा एकच. कुठून आला याची खूण त्याच्या अंगावर नसते.

हरण्याचं काय झालं तेही मला त्या निमित्तानं नीट उमगलं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू युरिया झपाट्यानं फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो. थोडा थोडा असेल तर तेच जंतू त्याची प्रथिनं करतात. म्हणूनच दुष्काळात कडब्यावर युरियाची प्रक्रिया करून जनावरांना घालतात. पण एका रात्री शेर-दोन शेर पोटात गेल्यावर यकृताला तो आवरत नाही. त्याला मारलं अमोनियानं. आंबट ताक पाजायला सांगणारा तो जो कुणी होता, त्याचं बरोबरच होतं. आंबटानं अमोनिया बांधला जातो. उशीर झाला होता एवढंच. अण्णांना मात्र मी हे त्या वेळी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला. प्रथिनं मोजून, फॉस्फरस कमी, पोटॅशियम कमी, मीठ कमी. अण्णांनी विचारलं हे काय काय हाय, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नत्र, स्फुरद, पालाश." खताच्या पोत्यावरचे तेच तीन शब्द. त्यांना एका क्षणात सगळं समजलं. "म्हंजी माझ्या रानात तिन्ही जादा झालंय, आन् निचरा होईना."

निचरा. नेफ्रॉलॉजीच्या एखाद्या पुस्तकात यापेक्षा नेमका शब्द असेल असं मला वाटत नाही. काळ्या रानात पाणी साचलं, निचरा झाला नाही की क्षार वर येतो आणि पीक पिवळं पडतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

त्या तिघांत सगळ्यात घातकी पालाश. युरिया वाढला तर मळमळतं, अंगाला खाज सुटते, तोंडाची चव जाते. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचा ठोकाच थांबू शकतो. सेंद्रिय म्हणजे सौम्य, असेंद्रिय म्हणजे जहाल, असा हिशेब मांडता येत नाही, कारण सायनाइड जसं असेंद्रिय तसं पिण्याचं पाणीही असेंद्रियच, आणि साप चावल्यावर अंगात जातं ते सेंद्रिय. मायनं भाज्या चिरून पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायला सुरुवात केली, म्हणजे पालाश उतरतो. शहाळं बंद, केळी बंद. हुरड्याच्या दिवसांत अण्णा मुठीएवढ्या हुरड्यावर उठायचे. पुढे डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता प्रथिनं थोडी वाढवा, मशीन शरीरातलं कामाचंही थोडं ओढून नेतं. "आदी नत्र बंद, आता नत्र चालू," अण्णा म्हणाले. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. पिकाच्या वयाप्रमाणे मात्रा बदलतेच.

आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, पहाटेच्या एसटीनं लातूर. डाव्या हातात फिस्टुला केलेला, म्हणजे रोहिणी आणि नीला या दोन रक्तवाहिन्या जोडून दिलेल्या. तिथं बोट ठेवलं तर थरथर लागते. अण्णा रोज सकाळी मनगट कानाला लावून ऐकतात आणि म्हणतात, मोटार चालू हाय.

त्या यंत्राची रीत साधी आहे. पोकळ धाग्यांच्या आतून रक्त, बाहेरून उलट्या दिशेनं पाणी. त्या पाण्यात मीठ, थोडं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोड्यातलं बायकार्बोनेट मोजून विरघळवलेलं. धाग्याच्या भिंतीतली भोकं एवढी बारीक, की लहान रेणू जातात, रक्तपेशी आणि प्रथिनं राहतात. जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे युरिया आपला आपण चालत जातो. एका वेळच्या चार तासांत जवळपास १२० लिटर पाणी लागतं, तेही असं शुद्ध केलेलं की आमच्या बोअरच्या पाण्यानं किटलीला चढतो तसला चुना त्यात नावालाही चालत नाही.

१२० लिटर. हा आकडा ऐकून मला एप्रिल २०१६ आठवला. मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी लातूरला पाणी आलं होतं तो उन्हाळा. घागरी, कळशा, ड्रम, टँकरपाशी नंबर लावून झोपलेली माणसं. तेव्हाही या शहरात अण्णांसारखी कितीतरी माणसं आठवड्यातून दोनदा त्या खुर्चीत बसत असणार. मी तेव्हा इथंच राहत होतो आणि त्यांचा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही.

आमच्या चुलत भावाची पोरं सेंद्रिय शेती करतात. मनापासून करतात. जीवामृताचे ड्रम, गांडूळखत, लिंबोळी अर्क. त्यांच्या रानात युरिया चालत नाही. गंधक चालतं, जिप्सम चालतं, रॉक फॉस्फेट चालतं. रसायनशास्त्राच्या वहीत पाहिलं तर युरिया सेंद्रिय आणि ही तिन्ही असेंद्रिय. ड्रममधल्या गोमूत्रातही युरिया असतोच, पोत्यातल्यासारखाच. धाकट्या पुतण्याला हे सांगितलं तर तो नाराज झाला, त्याला वाटलं काका आपल्या कष्टाला खोटं ठरवतोय. तसं मुळीच नाही. शब्द एक असला तरी त्याचे मळे दोन आहेत. शेतीतल्या त्या शब्दामागे १९४० साली इंग्लंडच्या लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी मांडलेला विचार आहे, की शेत हाच एक जिवंत देह आहे, त्याचे अवयव एकमेकांवर जगतात. तिथं प्रश्न रेणूचा नाही, रीतीचा आहे. पोरं पोत्याला नाही म्हणतात ती मातीच्या पोटासाठी, आणि त्यांचं खरं आहे हे आमच्या माती परीक्षणाच्या कागदावर लिहिलेलं असतं.

त्या कागदावर कार्बन दोन ठिकाणी भेटतो. एक 'सेंद्रिय कर्ब', आमच्या रानाचा ०.३८ टक्के, म्हणजे कमी. दुसरा 'मुक्त चुना', तो बारा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे जास्त. चुनखडीतही कार्बन आहेच, पण प्रयोगशाळेत तो सेंद्रिय कर्बात मोजत नाहीत, कारण सेंद्रिय कर्ब मोजायची पद्धतच मुळी जाळण्याची आहे. माती चंचुपात्रात घेऊन तिच्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि सल्फ्युरिक आम्ल घालतात. मातीत पालापाचोळ्याचा, मुळांचा, जंतूंचा कार्बन असेल तर तो तिथं धुराशिवाय जळतो आणि नारिंगी रंग हिरव्याकडे झुकतो. चुनखडीतला कार्बन आधीच पूर्ण जळून बसलेला आहे, त्याच्यात जळायला काही उरलेलं नाही. मला विचाराल तर दोन रसायनांमधला फरक या चंचुपात्रात सगळ्यात स्पष्ट दिसतो: एका कार्बनमध्ये अजून सरपण शिल्लक आहे, दुसऱ्यात नाही. जंतू, गांडुळं, आपण, सगळे त्या सरपणावर जगतो. मराठवाड्याच्या तापलेल्या रानात ते लवकर जळून जातं. म्हणून शेणखत, पाचट, हिरवळीचं खत पुन्हा पुन्हा घालावं लागतं. आणि युरियातला कार्बन? तोही पूर्ण जळालेला, चुनखडीसारखाच. पुतण्या पोत्याला नाही म्हणतो त्याचं खरं कारण मला रसायनात सापडतं ते एवढंच: पोतं नत्र देतं, सरपण देत नाही.

एका रविवारी अण्णांना बरं वाटत होतं. मी गोठ्यामागच्या खोलीची किल्ली मागितली. त्यांनी दिली, पण का ते विचारलं. म्हटलं, दाखवतो.

घरचं सोयाबीन मिक्सरमधून काढलं, थोडं कच्चं, थोडं तव्यावर चांगलं भाजून. दोन काचेचे ग्लास. दोन्हींत पाणी, दोन्हींत चमचाभर युरिया. अण्णांनी ग्लास हातात धरला आणि म्हणाले, "गार पडला." फवारणीच्या वेळी बादली अशीच गार पडते, हे त्यांना माहीत होतं, युरिया विरघळताना भोवतीची उष्णता ओढून घेतो, हे मी सांगितलं. मग एकात कच्च्या सोयाबीनचं पीठ, दुसऱ्यात भाजलेल्याचं. मायकडून वसमतची हळद घेतली, पाण्यात कालवून वहीच्या पानाच्या पट्ट्या पिवळ्या केल्या. आणि वाट बघत बसलो.

सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते युरियाचा पुन्हा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. जमिनीत आपण खत फेकल्यावर जंतूंचं हेच विकर काम करतं, आणि मग त्या अमोनियाचं नायट्रेट होऊन पीक ते उचलतं. शेणखतातलं नत्रही शेवटी याच असेंद्रिय रूपात मुळांपर्यंत पोचतं. अमेरिकेतल्या जेम्स समनर यांनी १९२६ साली जॅक बीन नावाच्या, आपल्याकडच्या अबईच्या जातकुळीतल्या शेंगेच्या बियांतून युरिएजचे स्फटिक काढले आणि विकर हे प्रथिन असतं हे दाखवलं; १९४६ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे १९७५ मध्ये कळलं, की या प्रथिनाच्या गाभ्यात निकेल धातू बसलेला आहे. जिवंत देहाच्या कामाच्या जागी दगडातला अणू. अण्णांच्या रक्तात लोह कमी पडतं म्हणून इंजेक्शन देतात, तेही तसंच.

पंधरा-वीस मिनिटांनी पट्ट्या बुडवल्या. भाजलेल्या सोयाबीनच्या ग्लासातली पिवळीच राहिली. कच्च्याच्या ग्लासातली तांबडी झाली.

माय शेजारीच बसली होती. म्हणाली, "कुंकूच झालं की." हळदीला चुना लावला की कुंकवाचा रंग येतो, तिला कुणी रसायन शिकवायची गरज नव्हती.

अण्णांनी ग्लास नाकापाशी नेला आणि एकदम मागे घेतला. डोळे बारीक केले. मला वाटलं वास झोंबला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "हरण्याच्या तोंडाला आसाच वास येत व्हता."

तीस वर्षांनी ते नाव ओसरीवर आलं. मग मी सांगितलं सगळं, बैलाच्या पोटात काय झालं असेल ते, ताक पाजणं बरोबर होतं तेही. त्यांनी मधे काही विचारलं नाही. मायनं डोळ्याला पदर लावला.

मग ते पुन्हा ग्लासाकडे वळले. "युरिया फुटतोय ना ह्याच्यात? मंग त्या मशीनीत सोयाबीन का घालीत न्हाईत? एवढं पाणी तरी लागनार न्हाई."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो, कारण अगदी असं यंत्र अमेरिकेत १९७० च्या दशकात निघालं होतं. वापरलेलं पाणी फेकून न देता युरिएजच्या थरातून न्यायचं, युरियाचा अमोनिया झाला की झिर्कोनियम फॉस्फेट नावाच्या असेंद्रिय चूर्णात तो धरून ठेवायचा, आणि तेच पाणी परत फिरवायचं. १२० लिटरच्या जागी सहा लिटर पुरायचं. पुढे ते यंत्र मागं पडलं.

"सहा लिटर," अण्णा म्हणाले. कोपऱ्यातल्या कळशीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

संध्याकाळी धाकटा भाऊ रानातून आला. अण्णांनी किल्ली त्याच्या हातात दिली. "वरच्या तुकड्यातल्या ज्वारीला पानी झालंय ना? उद्या सकाळी युरिया फेक. हाताला फडकं बांध." तो खोलीकडे निघाला तसं मागून म्हणाले, "आन् उरलं तर पोतं फळीवर ठेव. खाली नगं."